किती पावसाळे

सकाळी सातला दिवे आपोआप लागतात,
अडीच हजार टाक्यांमध्ये एकदम उजाडतं.
माझं काम त्यानंतरचं.
जाळी घेऊन रांगेरांगेतून फिरायचं,
जे तरंगतंय ते उचलायचं,
टाकीचा क्रमांक, तारीख, वय दिवसांत.
कारणाचा रकाना इतका अरुंद
की 'म्हातारपणाने' त्यात मावत नाही.
मी फुली मारते.

बाहेर कोलोनचा जानेवारी. आत सत्तावीस अंश,
मोझांबिकच्या डबक्यांतल्या माशांसाठी.
पाऊस पडला की डबकं, डबकं आहे तोवर आयुष्य.
तिसऱ्या आठवड्यात वयात येतात,
चौथ्या महिन्यात पाठीला पोक,
शेपटीचा तांबडा विटतो धुऊन धुऊन विटावा तसा,
समोर टाकलेली अळी दिसायला वेळ लागतो.
पाचवी पौर्णिमा म्हणजे यांचं सहस्रचंद्रदर्शन.
'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत'
असं यांच्यात कोणी कोणाला सुनावू शकत नाही.
तिथल्यांनी एकच पाहिलेला.
इथल्यांनी तोही नाही, हे नळाच्या पाण्यावर जन्मले.

डॉक्टर झेफानियास मब्जाया त्या डबक्यांच्या मुलखातला.
म्हणतो, आमच्या गावात या माशाला नावसुद्धा नव्हतं,
खायला बारीक, विकायला त्याहून.
यंदा त्याने कोवळ्या माशांच्या आतड्यांतले जंतू
उतरणीला लागलेल्यांना दिलेत.
काही टाक्यांनाच. कोणत्या, ते मला सांगत नाहीत.
कळलं तर खाणं घालताना
माझा हात सैल सुटेल म्हणे.
हात बरोबर ओळखलाय त्यांनी.

गेरेऑनने एकतीस वर्षं ट्राम चालवली.
आता ब्राउन्सफेल्डच्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसतो
आणि मला 'अहो बाई' म्हणतो.
माझं नाव गेलं, मुलीचं गेलं,
थांबे राहिलेत.
नॉयमार्क्ट. रुडोल्फप्लाट्झ. मोल्टकेश्ट्रासे.
प्रत्येकानंतर जरा गप्प बसतो,
माणसं उतरायची असतात.
मेलाटेनला, जिथे मोठी दफनभूमी आहे,
तिथे मात्र थांबत नाही. सरळ पुढचा थांबा.

एकदा मी झेफानियासला विचारलं,
यातलं त्याला काही मिळेल?
खोटं बोलायची सवय नाही त्याला. चष्मा पुसत राहिला.
मग एक काचेची बशी आणली.
पिवळट दाणे, खसखशीहून थोडे मोठे.
'डबकं आटतं, मासे मरतात, अंडी मातीत राहतात.
आठ महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त.
हृदय जेमतेम, पण वय जवळपास वाढतच नाही.
कसं, ते थोडंसं कळलंय.'
किती थोडंसं?
त्याने चिमूट दाखवली, वरणात मीठ घालताना धरतात तेवढी.

त्या रात्री मला वाटत राहिलं,
गेरेऑनही असाच असेल, कुठल्याशा कोरड्या मातीत थांबलेला.
पाऊस आला की उठेल.
पण त्याची नखं वाढतात. दर रविवारी मीच कापते.
थांबलेल्याची वाढत नसावीत.

टाकी २२१४ चे आज दोनशे सहा दिवस झाले.
लाडकं कोणी असू नये असा नियम आहे.
पाठ वाकलीय त्याची, कल्ला एका बाजूला फाटलाय,
पण मी झाकण उचललं की वर येतो,
आणि माझी सकाळची न वळणारी बोटं
बाटलीचं बूच फिरवेपर्यंत
तोंड उघडं ठेवून धीर धरतो.
मार्चमध्ये मी निवृत्त होते.
आमच्यात पैज नाही. तरी मी मोजतेय.

संध्याकाळी सातला दिवे गेले.
एक नंबरच्या ट्राममध्ये पुढे, चालकाच्या काचेमागे, उभी राहिले.
मेलाटेनला दार उघडलं.
रिकामी झारी घेतलेली एक म्हातारी चढली,
झारीच्या तोटीतून पाणी ठिबकत होतं.
ती बसेपर्यंत ट्राम हलली नाही.